ट्राम आली आणि वेधशाळा निघाली

होकायंत्राजवळच्या तारेतून विजेचा प्रवाह सोडला की सुई बाजूला वळते. कारंज्याच्या आमच्या वर्गात हा प्रयोग दाखवतो तेव्हा मुलांना गंमत वाटते. पण वाचकहो, याच गमतीपायी मुंबईच्या चुंबकीय वेधशाळेला बिऱ्हाड हलवावे लागले!

पृथ्वीच्या पोटात, सुमारे २,९०० किलोमीटर खाली, वितळलेले लोखंड सतत घुसळत असते. त्यात विजेचे प्रवाह उठतात, आणि त्यांचे चुंबकत्व आपल्या सुईला दिशा देते. मात्र ते स्थिर नसते, म्हणून वर्षानुवर्षे मोजत राहावे लागते. कुलाब्याला हे काम १८४१ पासून चाले. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तिथे झाली.

पुढे शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले. आता सुयांवर भरवसा कसला? संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागेला लोखंड टाळून नवी वेधशाळा उभारली आणि १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या. मला यातच खरा शहाणपणा दिसतो. एरवी जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसता कसा? १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. ती १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागेची मोजणी मात्र चालूच आहे.