जागल नसलेली रात्र

ही हकिकत दोन घड्याळं समोर ठेवून लिहितो आहे. एक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचं आणि एक आमच्या वाशीमचं. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं चालतं. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा आहे, अडाण आहे, पिण्याच्या पाण्याला एकबुर्जीचं धरण आहे. पण जिच्यावर माणसं चार दिवस राहतील, जेवतील, झोपतील अशी बोट आम्ही चित्रातच पाहिलेली. तरीही 2019 सालची ही रात्र मला आमच्या शेताच्या धुऱ्यावरून जितकी कळली, तितकी बातम्यांतून कळली नव्हती.

शुक्रवार, 30 ऑगस्ट 2019, रात्र (वाशीम : शनिवार, 31 ऑगस्टची सकाळ)

आमच्याकडे आदल्या दिवशी पोळा झालेला. करीचा दिवस उजाडला होता आणि बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा होता. तिकडे सांता बार्बराच्या बंदरात लोक पाठीवर सामान घेऊन ‘कन्सेप्शन’ नावाच्या बोटीवर चढत होते. अमेरिकेत सोमवारी कामगार दिनाची सुट्टी, म्हणून तीन दिवसांची सहल. पाण्याखाली बुडी मारून समुद्र पाहण्याची हौस असलेले 33 प्रवासी आणि 6 कर्मचारी. विदर्भाशी नाळ असलेलं एक तरुण जोडपंही त्यांत होतं.

बोट 75 फूट लांब, 1981 साली बांधलेली, लाकडाची आणि वरून फायबरग्लासचं कातडं चढवलेली. तिची रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रचनेतच दडलेलं आहे. सगळ्यात वर सुकाणूची खोली आणि कर्मचाऱ्यांच्या झोपायच्या जागा. मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि बैठकीची मोठी खोली, जिथं सगळे जेवत, गप्पा मारत. आणि खाली, पाण्याच्या पातळीशी, प्रवाशांची झोपायची खोली. एकावर एक बर्थ, आगगाडीच्या डब्यात असतात तसे. तिथून वर यायला दोन वाटा. पुढच्या बाजूला जिना आणि मागच्या बाजूला, एका बर्थच्या वर छतात, संकटकाळी निघायचं झाकण. दोन वाटा म्हटल्यावर मन निश्चिंत होतं. पण दोन्ही वाटा उघडत होत्या त्याच एका बैठकीच्या खोलीत. घराला दोन दारं असावीत आणि दोन्ही एकाच ओसरीत उघडावीत, तसं.

शनिवार, 31 ऑगस्ट, पहाटे 4 च्या सुमारास

बोट बंदरातून निघाली. प्रवासी आधीच झोपलेले.

रविवार, 1 सप्टेंबर, रात्र (वाशीम : सोमवार, 2 सप्टेंबर, गणेशचतुर्थीची सकाळ)

सांताक्रूझ बेटाजवळ त्या रात्री काही जण अंधारात बुडी मारायला उतरले. अमावास्या नुकतीच उलटलेली, त्यामुळे चंद्र लवकर मावळलेला. आमच्याकडे त्या वेळी पाटावर गणपती बसत होते.

रात्रीच्या बुडीला प्रकाश लागतो. प्रत्येकाजवळ पाण्यात चालणारी विजेरी, कॅमेरा, कॅमेऱ्याचा फ्लॅश, आणि वर आल्यावर फोन. एवढ्या माणसांचं हे सगळं सामान बैठकीच्या खोलीत मागच्या कोपऱ्यात चार्जिंगला लागायचं. एका सॉकेटला जोडपट्टी, तिच्यात चार-सहा चार्जर.

आमच्याकडे खेड्यात विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात. आबा, माझे काका, जागलीला निघाले की काकू आतून विचारते, “बॅटरी घेतली काय?” त्या बॅटरीत आता जे बोटभर जाडीचे सेल असतात तेच बुडीच्या विजेरीतही असतात : 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, लिथियम-आयन. आत दोन पत्रे गुंडाळलेले आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पापुद्रा, केसाहूनही पातळ. त्यात भरलेला द्रव पेटणारा असतो. सेल दबला, पडला, प्रमाणाबाहेर भरला गेला, किंवा बनवतानाच धातूचा एखादा कण आत राहिला, तर तो पापुद्रा हार खातो. मग आतली उष्णता स्वतःच आणखी उष्णता निर्माण करते. 130 अंशांच्या आसपास पापुद्रा वितळतो, सेल पेटणारा वायू ओकतो आणि शेजारचा सेल तापायला लागतो. ही साखळी एकदा सुरू झाली की चार्जरची पिन काढून ती थांबत नाही. आणि पुरता भरलेला सेल अर्ध्या भरलेल्यापेक्षा जास्त भडकतो. म्हणजे चार्जिंग संपत येण्याची वेळ, सगळे झोपले असण्याची वेळ, हीच धोक्याची.

शिश्याच्या बॅटरीचा स्वभाव वेगळा आहे. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेल्या झटका मशीनची 12 व्होल्टची बॅटरी, ट्रॅक्टरची बॅटरी, जिन्याखाली ठेवलेली इन्व्हर्टरची उंच बॅटरी, सगळ्या एकाच कुळातल्या. चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्के झालं की एक ठिणगी पुरते, म्हणून कोंदट जागेत त्या ठेवू नयेत. आबा ट्रॅक्टरची बॅटरी बदलताना बोटातली अंगठी काढून खिशात घालतात आणि पहिल्यांदा काळी वायर सोडतात. ऋण टोक सांगाड्याला जोडलेलं असतं. ते आधी सुटलं की लाल टोकावरचा पाना घसरून लोखंडाला लागला तरी वर्तुळ पूर्ण होत नाही. नवी बसवताना लाल आधी, काळी शेवटी. बोटीवर दिवे, पंखे, फ्रिज चालवणाऱ्या बॅटऱ्याही याच क्रमानं बदलतात, फक्त त्याआधी चार्जर, सौर पाट्या आणि सगळा भार तोडून ठेवायचा. हल्ली लोक शिश्याच्या जागी लिथियम बसवतात आणि जुना चार्जर तसाच ठेवतात, ते मात्र करू नये. शिश्यासाठी बनवलेल्या काही चार्जरांचा जादा व्होल्टचा टप्पा लिथियमला सोसत नाही.

हे सगळं माहीत असूनही माणूस रात्री पिन लावून झोपतो. 2022 च्या सप्टेंबरात वसईत असंच झालं. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावलेली होती. रात्री तिचा स्फोट झाला आणि जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून गेला.

आणि ‘कन्सेप्शन’च्या मालकांना तर पूर्वसूचना मिळाली होती. त्यांच्याच ‘व्हिजन’ नावाच्या दुसऱ्या बोटीवर 2018 साली चार्जिंगला लावलेली लिथियम बॅटरी पेटली होती. तेव्हा माणसं जागी होती, म्हणून ते प्रकरण तिथंच विझलं.

मध्यरात्र ते 2 वाजून 30 मिनिटं

बोट बेटाच्या उत्तरेला प्लॅट्स हार्बर नावाच्या खाडीत नांगरून होती. खालच्या खोलीत 34 माणसं : 33 प्रवासी आणि एक कर्मचारी तरुणी. वर पाच कर्मचारी. एक कर्मचारी स्वयंपाकघरातलं आवरून अडीचच्या सुमारास झोपायला गेला.

या क्षणाशी मला थांबावंसं वाटतं. या बोटीला मिळालेल्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं होतं : प्रवासी झोपलेले असताना रात्रभर एक माणूस बोटीवर फिरत राहिला पाहिजे. नुसता जागा नव्हे, फिरत. आमच्याकडे याला ‘जागल’ म्हणतात. मालेगाव तालुक्यातल्या आमच्या शेतात काटेपूर्णाच्या जंगलाच्या अंगानं रोही आणि रानडुकरं उतरतात. सोयाबीन शेंगेत असलं की आबा रात्री माळ्यावर असतात. पण ते माळ्यावर बसून राहत नाहीत. तासा-दीड तासानं उतरतात, हातात बॅटरी आणि काठी घेऊन चारही धुरे फिरतात, कुंपणाच्या तारेला कुठं गवत टेकलंय का पाहतात, मशीनचा टिकटिक आवाज ऐकतात आणि परत वर चढतात. मी एकदा विचारलं, झटका मशीन लावलंय ना, मग कशाला? म्हणाले, “जागलीले गेला अन् झोपला, तं शेत गेलंच समज. मशीन काई तुले उठवाले येत नाई.”

‘कन्सेप्शन’वरही यंत्र होतं. खालच्या खोलीत धुराची सूचना देणारी यंत्रं होती, पण ती तिथल्या तिथं वाजणारी, एकमेकांना न जोडलेली. वरच्या बैठकीच्या खोलीत, जिथं रात्रभर चार्जर चालू होते, तिथं एकही नव्हतं. त्या काळच्या नियमांत ते बंधनकारकच नव्हतं. धूर तर वर जातो. वर लागलेल्या आगीची वर्दी खालच्या खोलीत पोचेपर्यंत वरची खोली पेटून उठलेली असणार.

अडीच वाजल्यापासून त्या बोटीवर जागं कुणी नव्हतं.

पहाटे 3 नंतर

वर झोपलेल्या एका कर्मचाऱ्याला खालून फट्कन आवाज आल्यासारखं वाटलं, मग तडतड. तो बाहेर आला तर मधल्या मजल्याच्या मागच्या बाजूनं जाळ. त्यानं ओरडून बाकीच्यांना उठवलं. वरून खाली यायची शिडी मागच्याच बाजूला होती, ती आगीत.

3 वाजून 14 मिनिटं (वाशीम : दुपारी 3:44)

कप्तानानं रेडिओवरून मदतीची हाक दिली. आवाज गुदमरलेला, वाक्यं तुटकी. तटरक्षक दलाकडून पुन्हा पुन्हा विचारणा झाली, उत्तर मिळालं नाही. कर्मचाऱ्यांनी वरून पुढच्या भागावर उड्या टाकल्या. एकाचा पाय मोडला. त्यांनी बैठकीच्या खोलीच्या पुढच्या खिडक्या उघडायचा प्रयत्न केला, त्या उघडल्या नाहीत. धूर आणि आच यांनी त्यांना मागं रेटलं. एकेक जण पाण्यात पडला.

3 वाजून 17 मिनिटं

खालची माणसं झोपेतच गेली असतील, असं सुरुवातीला सगळ्यांनी स्वतःची समजूत काढण्यासाठी म्हटलं. मीही म्हटलं होतं. पुढे खटल्यात एका प्रवाशाच्या फोनमधलं 24 सेकंदांचं चित्रण समोर आलं, 3 वाजून 17 मिनिटांचं. ती माणसं जागी होती, वाट शोधत होती. काही मृतांच्या पायांत बूट होते. त्या 24 सेकंदांविषयी याहून जास्त लिहिण्याचा मला अधिकार वाटत नाही.

दोन वाटा, दोन्ही आगीत उघडणाऱ्या.

3 वाजून 30 मिनिटांच्या सुमारास

पोहून मागच्या बाजूला गेलेल्यांनी बोटीवर चढून इंजिनखोलीचं झाकण उघडलं. तिथं आग नव्हती. पण आत शिरायला वाट उरली नव्हती. मग छोटी नाव सोडून ते जवळच नांगरलेल्या एका दुसऱ्या बोटीपाशी गेले. तिच्यावरचं वयस्क जोडपं झोपलेलं होतं. तिथून मदतीची दुसरी हाक गेली. दोघे कर्मचारी नाव घेऊन परत जळत्या बोटीभोवती फिरले, कुणी पाण्यात पोहत असेल म्हणून. कुणी नव्हतं.

सकाळी 7 च्या सुमारास (वाशीम : संध्याकाळी साडेसातच्या आसपास)

तोवर तटरक्षक दलाच्या आणि अग्निशमनाच्या बोटी पोचल्या होत्या. ‘कन्सेप्शन’ पाण्याच्या रेषेपर्यंत जळाली आणि साठेक फूट पाण्यात बुडाली. आमच्या गल्लीत पहिल्या दिवसाची आरती चालू होती. 34 माणसं गेली. जिवंत राहिले ते वर झोपलेले पाच.

10 सप्टेंबर

तटरक्षक दलानं प्रवासी बोटींच्या मालकांना पत्रक काढून सांगितलं : लिथियम बॅटऱ्या लक्ष न ठेवता चार्जिंगला लावण्यावर आणि जोडपट्ट्यांच्या जाळ्यावर मर्यादा घालण्याचा विचार करा. आणि परवान्यातल्या अटी कर्मचाऱ्यांना नीट ठाऊक असू द्या. आठवडा उलटला होता.

पुढचं सावकाश झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं ऑक्टोबर 2020 मध्ये निष्कर्ष दिला : आग बैठकीच्या खोलीच्या मागच्या भागात लागली. ती बोटीच्या वायरिंगनं लागली, चार्जिंगच्या बॅटऱ्यांनी की विझवल्याविना टाकलेल्या सिगारेटनं, हे ठरवता आलं नाही. पण इतकी माणसं का मेली, हे मंडळानं ठामपणे सांगितलं : मालक कंपनीची देखरेख नव्हती आणि फिरता पहारा नव्हता. मला हा निकाल फार न्याय्य वाटतो. ठिणगी कुठूनही पडू शकते. पहिल्या काही मिनिटांत आग विझवायच्या एका सिलिंडरनं ती आटोक्यात येऊ शकते, पण त्यासाठी ती कुणाच्या तरी डोळ्याला दिसावी लागते. कप्तान जेरी बॉयलन यांना 6 नोव्हेंबर 2023 रोजी ज्यूरीनं दोषी ठरवलं आणि मे 2024 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. रात्रीचा पहारा न ठेवणं आणि कर्मचाऱ्यांना आगीशी लढायचं पुरेसं प्रशिक्षण न देणं, हे आरोप त्यात होते.

12 सप्टेंबर 2019, अनंत चतुर्दशी

शेवटचा मृतदेह आदल्या दिवशी सापडला होता. आमच्याकडे विसर्जनाची गर्दी होती. तिकडे क्रेननं ‘कन्सेप्शन’चा सांगाडा समुद्रातून वर काढला. तळ होता, इंजिनं होती. बैठकीची खोली, तिचा मागचा कोपरा, सॉकेट, जोडपट्ट्या, चार्जर, ज्यांवरून आगीचं मूळ सांगता आलं असतं, त्यांतलं जवळजवळ काहीच त्या सांगाड्यावर उरलेलं नव्हतं.