मोजलेल्या फेऱ्या

देवळाभोवती प्रदक्षिणा घालताना किती कोस चालणे झाले, असे कोणी विचारीत नाही. किती प्रदक्षिणा झाल्या, एवढेच विचारतात. लक्ष प्रदक्षिणांचा नेम धरणाऱ्या बायका वातींनी किंवा दाण्यांनी त्यांची मोजदाद ठेवीत. अशाच हिशेबावर चालणारी धावण्याची एक शर्यत आहे. तिच्यात पल्ला ठरलेला नसतो, वेळ ठरलेली असते. बारा तास, चोवीस तास, क्वचित सहा दिवस एकाच आखूड वाटेवर फिरत राहायचे आणि वेळ संपेल तेव्हा जिचे अंतर सर्वांत अधिक ती पहिली.

अशा शर्यतीत फेरी आखूड ठेवतात, त्याला कारण आहे. रात्री अंधारात कोणी वाट चुकत नाही, पाणी व खाणे दर फेरीला हाताशी येते, आणि कोणाला भोवळ आली तर मदतीस माणसे जवळ असतात. पण हीच सोय मोहाचीही जागा होते. थकलेल्या पायांना तीच खुर्ची पुन्हापुन्हा दिसते. पहाटे दोन-तीनच्या सुमारास, अंगातली ऊब कमी होते आणि डोळे मिटू लागतात, तेव्हा त्या खुर्चीपुढून जाणे हीच खरी परीक्षा असते. धावणाऱ्याबरोबर आणखी एक माणूस रात्रभर जागतो, तो म्हणजे फेऱ्या मोजणारा. आता हे काम बहुधा यंत्र करते, तरी शेवटची अपुरी राहिलेली फेरी माणसांनाच मोजावी लागते.

या प्रकाराचा इतिहास पाहू गेल्यास त्यात स्त्रिया आरंभापासून आहेत, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. १८७० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत दूरवर चालण्याच्या शर्यतींचे मोठे वेड होते. तिकीट काढून लोक बंदिस्त सभागृहात जात आणि आतल्या गोल वाटेवर अहोरात्र चालणारांना पाहत. रविवारी खेळतमाशे वर्ज्य, म्हणून सहा दिवसांची शर्यत रूढ झाली. १८७६ साली शिकागो शहरी मेरी मार्शल व बर्था फॉन हिलर्न या दोन स्त्रियांची अशी सहा दिवसांची चढाओढ झाली व ती मार्शलबाईंनी थोडक्यात जिंकली.

परंतु खरा गाजावाजा झाला तो एडा अँडरसन या बाईंचा. त्या मूळच्या लंडनच्या. आधी रंगभूमीवर गाण्याचे काम करीत. विल्यम गेल या नामांकित चालणाऱ्यापाशी त्या ही विद्या शिकल्या आणि १८७८ मध्ये अमेरिकेस गेल्या. न्यूयॉर्कच्या मोठ्या सभागृहाच्या मालकांना बाईच्या हातून असले काही तडीस जाईल असे वाटेना, त्यांनी जागा नाकारली. तेव्हा पलीकडे ब्रुकलिनमधील मोझार्ट गार्डन येथे बाईंनी आपला पण जाहीर केला : दर पाव तासाला पाव मैल, असे २,७०० वेळा.

वाट इतकी लहान, की पाव मैलास सात फेऱ्या घालाव्या लागत. १६ डिसेंबर १८७८ रोजी त्या चालू लागल्या. पाव मैलास चार-पाच मिनिटे जात. उरलेल्या दहा-अकरा मिनिटांत जेवण, कपडे बदलणे, पायांची निगा आणि झोप! आज अधिक चालून उद्या विश्रांती घेऊ, असे करण्याची सोय नव्हती. घरात तान्हे मूल किंवा दुखणाईत माणूस असलेल्या बाईस अशी तुकड्यातुकड्यांची झोप काय असते हे सांगावयास नको. मधूनमधून बाई प्रेक्षकांना गाणे म्हणून दाखवीत, स्त्रियांनी चालावे असे सांगत. पाहायला येणारांत स्त्रियांची संख्या मोठी होती. १३ जानेवारी १८७९ च्या रात्री, २८ दिवसांनी, ६७५ मैल पुरे झाले. फेऱ्यांचा हिशेब १८,९०० होतो! शेवटचा पाव मैल तर त्या तीन मिनिटांच्या आत चालल्या.

पुढे मार्चमध्ये, ज्या सभागृहाने त्यांना दार बंद केले होते तेथेच स्त्रियांची सहा दिवसांची शर्यत भरली. हजार डॉलरांच्या बक्षिसाच्या आशेने १८ जणी उतरल्या, त्यांत कित्येकींना तयारीही नव्हती. पाच जणी शेवटपर्यंत टिकल्या व बर्था फॉन बर्ग ३७२ मैल चालून पहिल्या आल्या. झालेले हाल पाहून वृत्तपत्रे व धर्मोपदेशक खवळले. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. उपाशी, अननुभवी बायकांना पैशासाठी असे फिरविणे वाईटच. पण दोष सोय न करणाऱ्या चालकांना लागण्याऐवजी स्त्रीच्या प्रकृतीला लागला. १८८० मध्ये एमी हॉवर्ड यांनी सहा दिवसांत ४०९ मैलांची मजल मारली, तरीही थोड्याच काळात हा सारा अध्याय विस्मरणात गेला.

विसरल्याची किंमत मोठी पडली. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या ८०० मीटर शर्यतीनंतर धावपटू कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या आल्या व ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. अर्ध्या मैलाची बंदी, आणि तीही ६७५ मैलांचा हिशेब झाल्यावर! बोस्टनच्या मॅरॅथॉनमध्ये स्त्रियांना रीतसर प्रवेश १९७२ साली मिळाला आणि ऑलिंपिक मॅरॅथॉन १९८४ साली. १९८९ मध्ये मात्र अमेरिकेच्या चोवीस तासांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अ‍ॅन ट्रेसन १४३ मैल धावून सर्व पुरुषांच्याही पुढे राहिल्या.

आपल्या देशातही हा प्रकार आला आहे. जुलै २०२२ मध्ये बंगळूर येथील कांतीरवा स्टेडियममध्ये आशिया व ओशनिया खंडांची चोवीस तासांची स्पर्धा झाली, तीत भारतीय स्त्रियांच्या संघाने दुसरा क्रमांक मिळविला.

बायकांच्या अंगी सोसण्याचे बळ नाही, असे वास्तविक कोणत्याच काळात कोणाला वाटले नसावे. रात्रीची जागरणे, पाण्याच्या खेपा, जात्याचे फेरे हे सर्वांच्या डोळ्यांपुढेच होते. फक्त ते कोणी मोजीत नव्हते. त्या आखूड वाटेपाशी वही घेऊन बसलेल्या माणसाने ते प्रथम मोजले. मोजलेले नाकारणे कठीण असते, पण लिहून जपले नाही तर तेही पुसले जाते. म्हणून या फेऱ्यांची नोंद आपल्या या स्मरणिकेतही असावी.