अथेन्स नगरींतील नाट्यस्पर्धा

नाटककारांत चढाओढ लावून रंगभूमीस उत्तेजन द्यावें, ही कल्पना अर्वाचीन नव्हे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत अथेन्स नगरींत ती पूर्णपणें रूढ झालेली होती. वसंत ऋतूंत डायोनिसस ह्या ग्रीक दैवताच्या महोत्सवांत, अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर ही स्पर्धा भरत असे. तीन कवि पुढें येत. प्रत्येकानें तीन शोकनाट्यें व त्यांमागून एक थट्टेचें नाटक सादर करावें, असा परिपाठ होता.

आम्हांस कौतुक वाटतें तें मात्र बक्षिसाचें नव्हे, प्रवेशाच्या व्यवस्थेचें. कवीनें आर्कन नामक अधिकाऱ्याकडे जाऊन गायकवृंद मागावा. तो मिळाला, कीं वृंदाची तालीम व पोशाख यांचा खर्च एखाद्या धनिक नागरिकाच्या माथीं येई. मुख्य नटांचें वेतन नगरी देई. कवीस पदरमोड करावी लागत नसे. ख्रि. पू. ४७२ मध्यें एस्किलसच्या 'पर्शियन' नाटकाचा भार ज्या तरुणानें उचलला, तो पेरिक्लीज पुढें अथेन्सचा धुरीण झाला.

अशा व्यवस्थेंत नवख्यासही मुरलेल्या कवीसमोर उभें राहतां येई. ख्रि. पू. ४६८ मध्यें ऐन तारुण्यांतील सोफोक्लीज एस्किलसशीं सामना करण्यास आला. प्रेक्षकांत तट पडले. प्लुटार्क सांगतो कीं, चिठ्ठ्या टाकून परीक्षक निवडण्याची रीत त्या दिवशीं आर्कननें सोडिली, व सेनापति किमोन आणि त्याचे सहकारी यांसच निवाड्यास बसविलें. त्यांनीं कौल तरुणास दिला. एस्किलस रागावून देशांतरास गेला असेंही प्लुटार्क म्हणतो. पण पुढच्याच वर्षीं त्यानें अथेन्समध्यें पहिला मान मिळविला, तेव्हां तो राग फार टिकला नसावा!

परीक्षकांचे निवाडे नेहमींच शहाणपणाचे असत, असें नाहीं. 'इडिपस राजा' ह्या अजरामर कृतीवर फिलोक्लीज नामक कवीनें मात केली, असें जुने लेखक सांगतात. त्या फिलोक्लीजचें एकही नाटक आज उरलेलें नाहीं. ख्रि. पू. ४३१ मध्यें युरिपिडीजचें 'मीडिया' तिघांत शेवटचें ठरलें.

ह्या युरिपिडीजचेंच उदाहरण आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें. ख्रि. पू. ४५५ मध्यें तो प्रथम स्पर्धेंत उतरला व शेवटचा आला. पहिला विजय ४४१ मध्यें, म्हणजे चौदा वर्षांनीं. हयातींत त्यास अवघे चार विजय लाभले. तरी दरसालच्या नव्या आर्कनांकडून त्यास पुन्हा पुन्हा वृंद मिळत गेला, आणि म्हणूनच हरलेलीं नाटकें लोकांपुढें आलीं व पुढें टिकलीं. त्याच्या मृत्यूनंतर त्याचीं अखेरचीं नाटकें रंगभूमीवर आलीं, तीं पहिलीं ठरलीं.

ख्रि. पू. ४०६ मध्यें त्याच्या निधनाची वार्ता आली, तेव्हां उत्सवापूर्वींच्या सभेस नव्वदीच्या घरांतला सोफोक्लीज सुतकाच्या वेषांत आला, व आपल्या वृंदास आणि नटांस त्यानें मस्तकावर मुकुट न घालतां उभें केलें, अशी कथा आहे. ती पाहून लोकांस रडें आवरलें नाहीं.