आहेर

आहेर : लग्न, मुंज, बारसे इ. मंगलकार्यांत नातलग-स्नेह्यांनी यजमान कुटुंबाला आणि यजमानांनी त्यांना रीतीप्रमाणे द्यावयाची वस्त्रे, वस्तू किंवा रोकड.

कार्याचा खर्च एका घराला पेलणारा नसे. भाऊबंद तो धान्य, कापड व रोकड देऊन वाटून घेत (→ गावगाडा). देणे, स्वीकारणे व परतफेड या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या तिन्ही बंधनांचा प्रत्यय आहेरात येतो (→ कुला, पॉटलॅच).

आलेला आहेर वहीत नाव, गाव व रकमेनिशी टिपतात. पुढे त्या घरच्या कार्यात निदान तेवढा तरी न्यावा लागतो. रोकड १०१, ५०१ अशी एक रुपया वाढवून देतात. व्याही-विहिणीला भारी वस्त्रे, दूरच्यांना टॉवेल-टोपी वा खण-नारळ, अशी प्रतवारी असते. मामाचा मान वेगळा. कोणाला आधी व काय मिळाले यावरून कुळाची पत जोखली जाते, त्यामुळे मानपानातील चूक पुढे वर्षानुवर्षे सलते (→ मानपान).

शहरी निमंत्रणपत्रिकांवर मात्र ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ सर्रास आढळते. आहेराला हुंडा समजणे योग्य नाही. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा मागणीविना दिलेल्या, रिवाजाला व ऐपतीला धरून असलेल्या भेटी वगळतो. १९८५ च्या नियमांनुसार वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी लागते (→ हुंडा).