कर्ज मिळण्याआधीच पैसे मागितले? सांगवी-चाकण पट्ट्यातील छोट्या व्यावसायिकांनी ऑनलाइन कर्जाची फसवणूक अशी ओळखावी

सांगवी : ‘अभिनंदन! तुमच्या व्यवसायासाठी ५ लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे.’ अर्ज केलेला नसतो, बँकेची पायरी चढलेली नसते, तरी मोबाईलवर मंजुरीचा मेसेज येऊन पडतो. सांगवी, पिंपळे गुरवचे दुकानदार, भोसरी एमआयडीसीत जॉबवर्क करणारे वर्कशॉपवाले, चाकणच्या कंपन्यांना माल पुरवणारे छोटे व्हेंडर, खेड-मावळातले टेम्पोवाले, डेअरीवाले अशा सगळ्यांसाठी हा मेसेज ओळखीचा आहे. यातला खरा कोणता आणि खोटा कोणता, हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. त्या माहीत नसतील, तर कर्ज मिळणं दूरच, गल्ल्यातले पैसेही जातात.

छोटा व्यावसायिकच का सापडतो?

कंपनीकडून बिलाचे पैसे यायला दोन-तीन महिने लागतात. कामगारांचा पगार, शेडचं भाडं आणि लाइट बिल मात्र थांबत नाही. बँकेत कागदपत्रांसाठी हेलपाटे होतात आणि सिबिल स्कोअर कमी असेल, तर तिथेही नकार मिळतो. अशा वेळी ‘दहा मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नकोत, सिबिल नको’ असं कोणी म्हटलं की माणूस ऐकून घेतो.

त्यात समोरचा माणूस दुकानाचं नाव, मालकाचं नाव, पत्ता असं सगळं बरोबर सांगतो. त्यामुळे तो खरा वाटतो. पण जीएसटी क्रमांक बिलावर आणि दुकानातल्या बोर्डावर छापलेला असतो. तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नाव आणि पत्ता कोणालाही दिसतो. म्हणून समोरच्याला आपली माहिती आहे, एवढ्यावरून तो बँकेचा माणूस ठरत नाही.

हे संकट लांबचं नाही

रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर जानेवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात कर्ज देणाऱ्या अ‍ॅपविरुद्ध सुमारे २,५६२ तक्रारी आल्या. त्यांत सर्वाधिक तक्रारी महाराष्ट्रातून होत्या. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात सुमारे १,१०० कर्ज अ‍ॅपची नोंद आहे. त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती.

डिसेंबर २०२० मध्ये तेलंगणातील राचकोंडा पोलिसांनी थेट पुण्यात येऊन एका कॉल सेंटरवर कारवाई केली होती. कर्ज अ‍ॅपच्या वसुलीसाठी लोकांना धमक्या देण्याचं काम तिथून चालत होतं. अटक केलेल्यांत एक चिनी महिलाही होती. पुढे २०२२ मध्ये पुणे शहर पोलिसांनी अशाच अ‍ॅपच्या खंडणी प्रकरणात बंगळुरूपर्यंत माग काढून डझनाहून जास्त जणांना पकडलं.

फसवणुकीचे मुख्य चार प्रकार

१) आधी फी भरा, मग कर्ज

हा सगळ्यात जास्त चालणारा प्रकार. व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीचं पत्र येतं. त्यावर बँकेचा किंवा सरकारी योजनेचा लोगो, शिक्का, सही सगळं असतं. मग पैसे मागायला सुरुवात होते. समजा, ५ लाखांचं कर्ज ‘पास’ झालं. आधी फाइल चार्ज १,७५० रुपये. ते भरले की विम्याचे ८,५००. मग ‘जीएसटी राहिला’ म्हणून १५,०००. शेवटी ‘तुमची रक्कम आरबीआयने होल्ड केली, ती सोडवायला २५,०००’. एकूण ५०,२५० रुपये गेले आणि कर्जाचा एक रुपयाही आला नाही. आधी भरलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो, हीच यातली मेख आहे.

मुद्रा योजनेच्या नावाने अशी बनावट पत्रं फिरल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने वेळोवेळी जाहीर केलं आहे. एका पत्रात ४,५०० रुपये भरल्यावर १० लाखांचं कर्ज देऊ, असं अर्थ मंत्रालयाच्या नावाने लिहिलं होतं. ते पत्र खोटं होतं.

२) सात दिवसांचं अ‍ॅप

अ‍ॅप डाउनलोड करताना ते कॉन्टॅक्ट, फोटो, मेसेज सगळ्याची परवानगी मागतं. समजा १०,००० रुपयांचं कर्ज घेतलं, तर ‘चार्जेस’ कापून हातात येतात ६,५००. आठव्या दिवशी पूर्ण १०,००० भरायचे. म्हणजे ६,५०० रुपयांवर एका आठवड्यात ३,५०० व्याज, साधारण ५४ टक्के. वर्षाच्या हिशेबाने हा दर २,८०० टक्क्यांवर जातो. पैसे थकले की घरचे, पाहुणे, गिऱ्हाईक, कंपनीतले साहेब सगळ्यांना फोन जातात, फोटोत छेडछाड करून पाठवले जातात. पूर्ण पैसे भरले तरी ‘अजून बाकी आहे’ म्हणून त्रास सुरूच राहतो.

३) लिंक, एपीके फाइल आणि स्क्रीन शेअर

‘कर्जाचा फॉर्म’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते. ती इन्स्टॉल केली की मोबाईलवर येणारे ओटीपी समोरच्याला दिसू लागतात. किंवा ‘फॉर्म भरायला मदत करतो’ म्हणून स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप घ्यायला लावतात आणि बोलता बोलता खातं रिकामं होतं. कर्जाची रक्कम घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपले पैसे गेले.

४) कागद तुमचे, कर्ज दुसऱ्याचं

आधार, पॅन, उद्यम प्रमाणपत्र, सेल्फी, कोरा चेक असं सगळं घेऊन समोरचा गायब होतो. काही महिन्यांनी न घेतलेल्या कर्जाच्या हप्त्याचा फोन येतो. ‘तुमच्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठवा, व्यवहार दिसला की कर्ज पास होईल’ असं सांगणारेही आहेत. ते पैसे बहुधा दुसऱ्या कोणाला फसवून आणलेले असतात. पोलिसांनी ते खातं गोठवलं की धंद्याचा सगळा व्यवहार बंद पडतो आणि जाब आपल्याला द्यावा लागतो.

खरं कर्ज कसं असतं? रिझर्व्ह बँकेचे नियम

डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आणले आणि ८ मे २०२५ रोजी ते एकत्र करून नव्याने जारी केले. त्यांतले कामाचे मुद्दे असे :

• कर्जाची रक्कम बँक किंवा फायनान्स कंपनीच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी. हप्ताही थेट त्या कंपनीच्याच खात्यात जायला हवा. कोणा एजंटच्या यूपीआयवर पैसे मागितले, तर तिथेच थांबावं.

• अ‍ॅपला मोबाईलमधले कॉन्टॅक्ट, कॉल यादी, फोटो आणि फाइल बघायची परवानगी नाही. केवायसीसाठी कॅमेरा, माइक, लोकेशन एकदाच आणि तेही संमतीने वापरता येतं.

• सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद द्यावाच लागतो. सगळे खर्च धरून वर्षाचा एकूण दर त्यात लिहिलेला असतो. हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, त्यामुळे मराठीत मागायचा हक्क आहे. त्यात न लिहिलेलं शुल्क नंतर परस्पर लावता येत नाही.

• कर्ज घेतल्यावर विचार बदलला, तर किमान एक दिवसाच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. एकदाच लागणारं प्रक्रिया शुल्क मात्र कापलं जाऊ शकतं.

• वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला, धमकी द्यायला किंवा चारचौघांत अपमान करायला मनाई आहे.

बँकाही प्रक्रिया शुल्क घेतात, हे खरं आहे. पण ते कागदावर लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा मंजूर रकमेतून वळतं होतं आणि आधी घेतलं तरी बँकेच्या नावाच्या खात्यात, पावतीवर घेतलं जातं. अनोळखी माणसाच्या नंबरवर ‘लगेच भरा, नाहीतर फाइल रद्द’ असं बँक सांगत नाही.

पाच मिनिटांत तपासा

• आधी विचारा, कर्ज नेमकी कोणती बँक किंवा फायनान्स कंपनी देणार? फक्त अ‍ॅपचं नाव पुरेसं नाही. कंपनीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत यादीत बघा.

• १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने कर्ज अ‍ॅपचीही यादी ठेवली आहे. यादीतली माहिती कंपन्यांनी स्वतः भरलेली असते. म्हणून अ‍ॅपचं नाव दिसलं तरी त्याच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर ते अ‍ॅप दिलेलं आहे का, तेही पाहा. नावातला एखादा शब्द बदलून केलेली बनावट अ‍ॅप बरीच असतात.

• ‘आरबीआय अप्रूव्ह्ड अ‍ॅप’ असं लिहिलेलं दिसलं तर भुलू नका. रिझर्व्ह बँक अ‍ॅपला असं प्रमाणपत्र देत नाही, सामान्य माणसाला कर्जही देत नाही.

• बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर आली आहेत. बँकेच्या नावाची लिंक आली आणि शेवट वेगळाच असेल, तर उघडू नका.

• प्ले स्टोअरवर आहे म्हणून अ‍ॅप खरं, असं समजू नका. पूर्ण कर्ज ६० दिवसांच्या आत फेडायला लावणारी वैयक्तिक कर्जाची अ‍ॅप ठेवायला गुगलच्याच नियमात बंदी आहे. म्हणून सात किंवा पंधरा दिवसांचं कर्ज देणारं अ‍ॅप दिसलं, तर ते नियम चुकवून आलेलं आहे, हे ओळखा.

• फोनवर ‘आत्ताच’ म्हणून घाई केली, तर ‘उद्या शाखेत येतो, पत्ता द्या’ एवढंच म्हणा. खोटा माणूस शाखेचा पत्ता देत नाही.

सरकारी योजनांच्या नावाने येणारे फोन

मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’मध्ये ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’मध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. तरुण गटाचं आधीचं कर्ज फेडलेल्यांसाठी ‘तरुण प्लस’मध्ये २० लाखांपर्यंत सोय आहे. हे कर्ज बँक, पतपुरवठा संस्था किंवा फायनान्स कंपनीच देते. योजनेने यासाठी एजंट नेमलेले नाहीत. अर्ज शाखेत किंवा ‘जनसमर्थ’ पोर्टलवर करता येतो.

हातगाडी, पथारीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजनेत पहिल्या टप्प्यात १५ हजार, दुसऱ्यात २५ हजार आणि तिसऱ्यात ५० हजार रुपये मिळतात. त्याची चौकशी महापालिकेत करावी. नवीन उद्योगासाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या वैयक्तिक योजनेत कर्ज बँक देते, महामंडळ व्याजाचा परतावा करतं. म्हणून ‘महामंडळातून थेट रक्कम सोडतो’ असं म्हणणाऱ्यापासून सावध राहा. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर मोफत आहे.

बिल अडकल्यामुळे कर्ज शोधायची वेळ आली असेल, तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. न दिल्यास सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

फसवणूक झालीच तर

१) ताबडतोब १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. लवकर कळवलं तर रक्कम मध्येच गोठवता येते. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा.

२) बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय बंद करा. स्क्रीन शेअरचं अ‍ॅप किंवा एपीके घेतलं असेल, तर आधी मोबाईलचं नेट बंद करा आणि १९३० व बँकेला फोन दुसऱ्या मोबाईलवरून लावा.

३) चॅट, नंबर, पत्र, पावत्या काहीही डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढून ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ वर तक्रार नोंदवा.

४) जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. सांगवी, चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतात. ‘आमची हद्द नाही’ म्हणून कोणतंही ठाणं परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर नोंदवण्याची तरतूद आता कायद्यातच आहे.

५) बेकायदा कर्ज अ‍ॅपची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर द्या. नोंदणीकृत बँक किंवा फायनान्स कंपनीच त्रास देत असेल, तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

६) कागदपत्रं दिली असतील, तर क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. न घेतलेलं कर्ज दिसलं, तर लगेच हरकत नोंदवा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

फोटो पसरवायची धमकी आली, तर पैसे भरून ती थांबत नाही. पैसे मिळतात हे कळलं की मागणी वाढतेच. घरच्यांना, गिऱ्हाइकांना आणि कॉन्टॅक्टमधल्या लोकांना आपणच आधी सांगून टाकावं, ‘माझा मोबाईल हॅक झालाय, काही आलं तर उघडू नका, पोलिसांत तक्रार दिली आहे.’ ज्या लाजेच्या जोरावर खंडणी मागितली जाते, ती लाजच मग उरत नाही. अशा त्रासात कोणी गप्प गप्प राहत असेल, तर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी त्याला एकटं सोडू नये. ‘तू फसलासच कसा?’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी त्याच्या सोबत पोलीस ठाण्यात जावं.