मुंबईतला बिनआवाजी चेंडू

तुमच्यापैकी बरेच जण चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये हे ऐकता. लेथवर मुरलेल्या माणसाला विचारा, टूल बोथट झालं की आधी कानाला कळतं. टेबल टेनिसवाल्यांचंही तसंच होतं. १९५२ पर्यंत.

त्या फेब्रुवारीत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली. आशियात पहिल्यांदाच! तोवर बहुतेकांच्या बॅटवर बारीक पुटकुळ्यांचं पातळ रबर असायचं. चेंडू लागला की ‘टक्’. जोरात मारला तर टणक, कापला तर मऊ. चेंडू बॅटला टेकलेला असतो सेकंदाचा साधारण हजारावा भाग. तेवढ्यात डोळ्याला काय दिसणार, कपाळ? मग त्या ‘टक्’वरूनही फटक्याचा अंदाज घ्यायचा नि पाय हलवायचे.

आणि आला जपानचा हिरोजी सातो. चष्मेवाला, किरकोळ अंगाचा. बॅटवर जाड स्पंज. चेंडू त्यात रुतणार, किंचित जास्त थांबणार, मग उसळी घेऊन सुटणार. आवाज जवळजवळ नाहीच! समोरच्याचा ताल पार बिघडायचा.

अमेरिकेचा मार्टी रीझमन जेतेपदाचा दावेदार होता, तो सातोकडून हरला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान हरला. पुरुष एकेरीत युरोपाबाहेरचा पहिला जगज्जेता असा आपल्या मुंबईत ठरला.

‘बॅटनं जिंकला’ असं तेव्हापासून बोललं जातं. मला ते अर्धंच पटतं. स्पंजवर चेंडू जरा लवकर-उशिरा घेतला की थेट टेबलाबाहेर. ते टायमिंग सातोनं घोटूनच आणलं असणार. रीझमनला मात्र हे कधीच पचलं नाही. तो जन्मभर जुन्या बॅटची बाजू मांडत राहिला, आणि १९९७ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, त्याच जुन्या बॅटच्या प्रकारात अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. जिद्द म्हणा नाहीतर हट्ट!

जगभर वाद पेटला. १९५९ मध्ये नियम आला: नुसता स्पंज बाद, वर रबर हवंच, आणि दोन्हींची जाडी मिळून ४ मिलिमीटरच्या आत. कंपनीच्या रिक्रिएशन रूममध्ये बरी बॅट असेल तर लाल रबरावर अंगठा दाबून बघा. जरासा आत जातो ना? रबराखाली स्पंज आहे.