फ्रँकलिनची हस्तिदंती पानं

दिवसाचे चोवीस तास एका पानावर मांडायचे आणि तासातासाला काम नेमून द्यायचं, ही आजच्या प्लॅनरची रीत. तिचं कूळ शोधत मागे गेलं, की वाट फिलाडेल्फियातल्या एका छापखान्यापाशी येते. छापखान्याचा मालक बेंजामिन फ्रँकलिन. वय सत्तावीसच्या आसपास. त्याने आत्मचरित्रात आपल्या एका छोट्या वहीचं सविस्तर वर्णन केलं आहे, आणि त्या वहीवर १ जुलै १७३३ ही तारीख होती.

वही सुरू झाली ती मात्र कामं उरकण्यासाठी नव्हे. निर्दोष माणूस व्हायचं, असं या तरुण मुद्रकाच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी त्याने गुणांची यादी केली. आधी बारा गुण होते. गर्वाचाही विचार कर, असं एका क्वेकर मित्राने सुचवल्यावर विनम्रता आली आणि ते तेरा झाले. प्रत्येक गुणाला एक पान. त्यावर लाल शाईने सात उभे रकाने, आठवड्याच्या वारांचे, आणि तेरा आडव्या ओळी, गुणांच्या आद्याक्षरांच्या. रात्री दिवस तपासायचा आणि जिथे चुकलं तिथे काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. सगळेच दोष एकदम उपटायला गेलं तर एकही उपटून होत नाही, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून वाफा-वाफा करून बाग खुरपणाऱ्या माळ्यासारखी त्याने ही पद्धत बसवली.

पुढे एक अडचण आली. नवी फेरी सुरू करताना जुने ठिपके खरवडून काढावे लागत. तसं करता करता कागदाला भोकं पडली. मग फ्रँकलिनने हे तक्ते हस्तिदंताच्या पातळ पानांवर उतरवले. त्यावरच्या लाल शाईच्या रेघा पक्क्या राहत. ठिपके शिशाच्या पेन्सिलीने द्यायचे आणि ओल्या स्पंजाने पुसायचे. चौकट कायमची आणि नोंद रोजची, ही आखणी तिथे हाताला लागेल अशा रूपात सिद्ध झाली. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते ती ही जागा. आपली चूक दिसावी, पण उद्याचं पान तिने मळलेलं नसावं, एवढी समज त्या साध्या सोयीत आहे.

यादीतला तिसरा गुण होता सुव्यवस्था. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक कामाला वेळ. या एका गुणापायी वहीत दिवसाच्या आखणीचं पान आलं, आणि प्लॅनरचा पूर्वज म्हणायचं ते नेमकं हेच पान. पहाटे पाचला उठणं. अंघोळ-प्रार्थना, दिवसाच्या कामाची जुळणी, चालू असलेला अभ्यास, न्याहारी. आठपासून काम. बाराला दोन तास वाचन, हिशेब पाहणं आणि जेवण. दोनपासून पुन्हा काम. संध्याकाळी सहापासून वस्तू जागच्या जागी ठेवणं, रात्रीचं जेवण, संगीत किंवा करमणूक किंवा गप्पा, आणि शेवटी दिवसाची तपासणी. दहाला झोप. नीट पाहिलं तर कामाचे तास आठच भरतात आणि झोपेचे सात. मरमर काम करणाऱ्याचा हा दिवस नव्हे. त्यात गाण्याला आणि गप्पांनाही हक्काची जागा आहे.

पण या पानाचा जीव तासांत नाही. तो कडेला लिहिलेल्या दोन प्रश्नांत आहे. आज आपण कोणतं भलं काम करावं, हा सकाळचा प्रश्न. आज आपल्या हातून कोणतं भलं झालं, हा रात्रीचा.

या प्रश्नांनाही कूळ आहे. रात्री दिवसाची झाडाझडती घ्यावी हा सल्ला पायथागोरसच्या नावावर चालत आलेल्या सुवर्णवचनांतला, असं फ्रँकलिन स्वतःच सांगतो. सकाळच्या प्रश्नामागे मला बोस्टनचा प्युरिटन धर्मोपदेशक कॉटन मॅदर दिसतो. सत्कर्म कसं करावं यावर मॅदरने १७१० मध्ये एक पुस्तक काढलं होतं, आणि कोणाचं काय भलं करता येईल याचे बेत तो आपल्या रोजनिशीत नियमाने टिपून ठेवी. सोळा वर्षांच्या फ्रँकलिनने भावाच्या ‘न्यू इंग्लंड कूरंट’ या वृत्तपत्रात ‘सायलेन्स डूगुड’ या विधवेच्या नावाने चौदा पत्रं लिहिली. त्या नावातच मॅदरच्या सत्कर्माच्या उपदेशाची टिंगल होती. पण १७८४ मध्ये मॅदरच्या मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याच फ्रँकलिनने कबूल केलं, की लहानपणी वाचलेल्या त्या पुस्तकाने आपल्या आयुष्याला वळण लावलं. प्युरिटन माणूस पाप-पुण्याचा जमाखर्च देवासाठी मांडत असे. फ्रँकलिनने तोच जमाखर्च दुकानदाराच्या नेटकेपणाने या जगासाठी मांडला.

आता तासांचं काय झालं ते पाहू. ते फ्रँकलिनला जमले नाहीत. तेरा गुणांत सर्वांत जास्त छळलं ते सुव्यवस्थेने, असं त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. ठरल्या वेळी ठरलेलं काम हे पगारी जुळाऱ्याला साधेल; मालकाला गिऱ्हाईक येईल तेव्हा त्याच्याशी बोलावं लागतं. कागद आणि वस्तू जागच्या जागी ठेवणं तर त्याला फारच जड गेलं. लहानपणापासून ती सवय नव्हती, आणि स्मरणशक्ती इतकी तल्लख की पसाऱ्याचा त्रासही होत नसे. या संदर्भात तो एका कुऱ्हाडीची गोष्ट सांगतो. कुऱ्हाडीचं सगळं पातं धारेइतकं लखलखीत हवं म्हणून एक माणूस लोहाराकडे जातो. लोहार म्हणतो, चाक तू फिरव. फिरवून फिरवून हात भरून येतात आणि शेवटी त्या माणसाला डागाडागाची कुऱ्हाडच बरी वाटायला लागते. आत्मचरित्राचा हा भाग फ्रँकलिनने १७८४ मध्ये पॅरिसजवळच्या पासी गावी लिहिला. तेव्हा त्याची सत्तरी उलटून गेली होती, आठवण साथ देत नव्हती आणि सुव्यवस्थेची उणीव बोचत होती. पण निर्दोष झालो नाही तरी या खटपटीने अधिक चांगला आणि अधिक सुखी माणूस झालो, असा त्याचा निर्वाळा आहे. वहीही त्याने जपली होती. पासीला भेटलेल्या कबानिस या फ्रेंच वैद्याने ती हातात घेऊन पाहिल्याचं नोंदवलं आहे.

त्या पानावर काय नाही, तेही सांगायला हवं. पानावर न्याहारी आहे, ती रांधणं नाही. फ्रँकलिनची बायको डेबोरा छापील पुस्तिकांच्या घड्या घालून त्या शिवायची, दुकान सांभाळायची, कागद करणाऱ्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घ्यायची. हे सगळं त्याने आत्मचरित्रात कृतज्ञतेने लिहिलं आहे, पण तिच्या दिवसाचा तक्ता कोणी आखला नाही. पुढे त्या घरात गुलामही आले, आणि त्याच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. उतारवयात, १७८७ मध्ये, तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, हेही तितकंच खरं. पण पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसता येतं, त्यामागे चूल पेटवणारं दुसरं कोणीतरी असतं. दिनचर्येची थोरवी गाताना हे झाकून ठेवणं मला मान्य नाही.

या वहीशेजारी आणखी एक धागा चालत होता. फ्रँकलिनच्या ‘पुअर रिचर्ड’ या पंचांगवजा वार्षिकाचं पहिलं वर्षही १७३३. असली वार्षिकं घरोघरी असत आणि लोक त्यांतच कामाच्या गोष्टी टिपून ठेवत. जॉर्ज वॉशिंग्टनने ‘व्हर्जिनिया आल्मनॅक’मध्ये कोरी पानं घालून त्यांवर रोजच्या नोंदी केल्या. मग १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमधल्या जॉन लेट्स या कागदविक्रेत्याने तारखा छापलेली डायरी विकायला काढली आणि व्यापाऱ्यांनी ती उचलली. आपल्याकडे पेशव्यांच्या रोजनिशा होत्या. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेले उतारे छापून प्रसिद्ध झाले आहेत. त्या रोजनिशांत झालेले हुकूम, दिलेल्या नेमणुका, पडलेला खर्च आहे, म्हणजे होऊन गेलेला दिवस आहे. छापील डायरीने न आलेला दिवस कोरा करून हातात दिला. पंचांगातच कामं टिपण्याची रीत मराठी घरांत अजून जिवंत आहे. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’च्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅसची तारीख, इस्त्रीचे कपडे वर्षानुवर्षं लिहिले जात आहेत, आणि बहुतेक घरांत ते लिहिणारा हात बाईचा असतो.

विसाव्या शतकात दिवसाचं पान धंद्यात आलं. १९७३ मध्ये अ‍ॅलन लेकिनने वेळेच्या नियोजनावरच्या पुस्तकातून कामांना अ, ब, क अशी प्रतवारी लावण्याची पद्धत लोकप्रिय केली. १९८४ च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात हायरम स्मिथ याने फ्रँकलिनच्याच नावाने प्लॅनर बाजारात आणला. आधी आपली जीवनमूल्यं लिहा आणि मग दिवस आखा, असं तो सांगे. मूळ वहीशी तेवढं इमान त्याने राखलं. १९९७ मध्ये स्टीफन कोवी यांची संस्था त्याच्या कंपनीत विलीन झाली. त्यानंतर आलेल्या बहुतेक वह्यांनी आणि अ‍ॅपांनी तासांचे चौकोन घेतले आणि कडेचे दोन प्रश्न सोडून दिले. हे चुकलं, असं माझं स्पष्ट मत आहे. जे फ्रँकलिनला आयुष्यभर साधलं नाही तेवढंच आपण उचललं, आणि ज्यामुळे त्याला लाभ झाला ते टाकून दिलं.

तेव्हा नवी डायरी हाती आली, तर पाचचा गजर लावण्याची घाई करू नका. आधी पानाच्या वर सकाळचा प्रश्न लिहा आणि खाली रात्रीचा. चुकलेलं पेन्सिलीने लिहा, म्हणजे पुसता येईल. आणि तास आखायचेच असतील तर त्यांत स्वयंपाक, धुणं, आजाऱ्याचं औषधपाणी, मुलांचा अभ्यास हेही मांडा, आणि प्रत्येक कामापुढे ते कोण करतं त्याचं नाव घाला.